माळावर पॅनेल बसवण्याआधी : महसूल व वन विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, महसूल व वन विभाग (महसूल आणि वने, दोन्ही शाखा), मंत्रालय, मुंबई
प्रत : ऊर्जा विभाग, जिल्हाधिकारी, पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर

विषय : सौर प्रकल्पांना गायरान व पडीक जमिनी देण्याआधी त्यांतली माळराने वेगळी काढण्याबाबत

महोदय,

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. नोकरीची बहुतेक वर्षं सौर घटांत वापरल्या जाणाऱ्या पातळ थरांवर काम करण्यात गेली. राहतो पुरंदर-बारामतीच्या शिवेवर. मागच्या दाराने बाहेर पडलं की माळच सुरू होतो. तेव्हा हे पत्र सौर ऊर्जेच्या विरोधकाचं नाही, एवढं आधीच नोंदवतो. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे. साप, बिबट्या आणि झोपेचं खोबरं हा त्याच्या नशिबाचा भाग नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ही वीज तयार करायला कोणती जमीन घ्यायची, हे आपण चुकीचा कागद बघून ठरवतो आहोत.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चं लक्ष्य आता १६ हजार मेगावॉट आहे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते, म्हणजे एकूण ६४ ते ८० हजार एकर. प्रकल्प सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत हवा. खासगी जमीन घेतली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने. अशा वेळी सगळ्यांची नजर पहिल्यांदा कुठे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. गावाबाहेरच्या गायरानाकडे जाते. तिथे ऊस नाही, विहीर नाही, कोर्टात जाणारा खातेदार नाही. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, जिथे चिंकारा राखला जातो, ते अवघं ५.१४ चौरस किलोमीटर आहे. योजनेला लागणारी जागा तसल्या पन्नास-साठ अभयारण्यांएवढी भरते. ती सगळी माळावरून येणार नाही हे मान्य. पण किती येणार, हे सांगणारा एकही तक्ता आजवर मला सरकारी कागदांत सापडलेला नाही.

मग 'पडीक'ची ही यादी आली कुठून? तिचा माग काढत गेलं तर आपण याच भागात येऊन पोचतो. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारची पहिली जमीन पाहणी फसली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली आणि मुंबई इलाख्याची पुढची जमाबंदी तिच्यावर उभी राहिली. त्यांना सारा ठरवायचा होता. मातीची खोली आणि पोत बघून आण्यांत प्रत लावायची. जिथे नांगर चालत नाही ते पोटखराब्यात, तिथे आकार शून्य. काम चोख होतं आणि त्यांच्या हेतूपुरतं बरोबरही होतं. पण आज, जवळपास १९० वर्षांनी, इथे काय जगतं हा प्रश्न आपण त्याच रकान्याला विचारतो आहोत, आणि ती माहिती त्यात कधी भरलेलीच नव्हती.

गंमत बघा. त्याच इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या गवताळ पट्ट्यात, आपल्याच वन खात्याने अलीकडे गवताळ सफारी सुरू केली आहे. पुण्या-मुंबईचे लोक पैसे भरून चिंकारा, लांडगा, खोकड बघायला येतात. म्हणजे एका टेबलावर जी जमीन पाहण्यासारखी, ती पलीकडच्या टेबलावर निरुपयोगी. दोन्ही टेबलं एकाच विभागाची.

केंद्राच्या पातळीवरही वेगळं नाही. भूमी संसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र मिळून देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. २०१९ च्या आवृत्तीत देशाची सुमारे साडेपाच कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ १७ टक्के जमीन पडीक ठरली. त्यात झुडपी जमिनीचा वाटा मोठा आहे. कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं, अधूनमधून हिवर आणि बोरीची झाडं, मध्ये उघडा मुरूम असं ज्याचं रूप आहे तो दख्खनचा माळ याच वर्गात जाऊन पडतो. खरोखर उजाड झालेली, खाणीने खाल्लेली, क्षाराने मेलेली जमीनही त्याच पुस्तकात. दोघांना एकाच नावाखाली बसवलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि ते तसं झालेलंच आहे.

आता माझ्या विषयाकडे येतो, कारण माळ रिकामा नाही हे मला पक्ष्यांनी नंतर शिकवलं. आधी शिकवलं ते पायजम्याला चिकटणाऱ्या कुसळाने.

कुसळी गवताचं बी पिकलं की त्याला लांब, काळसर शेपूट असतं. त्या शेपटाचा खालचा भाग सुंभासारखा पिळलेला असतो. थेंबभर पाणी टाका, तो तुमच्या डोळ्यांदेखत उलगडत फिरू लागतो. वाळला की पुन्हा पीळ घेतो. हा भाग जिवंत नसतो. त्याच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे तिरके, मळसूत्री बसलेले असतात. ओल शोषली की भिंत धाग्यांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडव्या दिशेने फुगते, आणि या फरकातून पीळ सुटतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्या भांडवलावर बी आपोआप मातीत शिरतं. टोकाजवळचे उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. मोटार नाही, बॅटरी नाही.

आमच्या विषयात यावर जगभर काम चालू आहे. २००७ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने रानगव्हाची कुसळं हवेतल्या ओलीच्या चढउतारावर कशी हलतात हे दाखवलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी ओक लाकडाच्या पातळ पट्टीपासून अशीच स्वतःहून जमिनीत शिरणारी बी-वाहकं बनवली. कुसळीवर त्यांचं काम नव्हतं, ते दुसऱ्या वनस्पतीवरून घेतलेलं आहे, पण तत्त्व तेच. ज्या गुणासाठी प्रयोगशाळा निधी मागतात तो गुण जेजुरीच्या माळावर फुकट उगवतो आणि आपण त्याला बुलडोझरखाली घालतो, हे मला भौतिकशास्त्राचा माणूस म्हणून खटकतं.

दुसरी गोष्ट सिलिकॉनची. पॅनेलमधला घट सिलिकॉनचा, वरची काचही मुख्यतः सिलिकाची. गारगोटीपासून हा सिलिकॉन काढायला विजेची भट्टी सुमारे दोन हजार अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि मग अनेक टप्प्यांनी तो इतका शुद्ध करावा लागतो की दशलक्षांत एका कणाचीही भेसळ चालत नाही. गवतंही सिलिकॉनच वापरतात. मुळांवाटे पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल वर घेतात आणि पानांच्या पेशींत त्याचे दगडी कण बसवतात, तेही साध्या हवेच्या तापमानाला. पातीने बोट कापतं त्यात या सिलिकाचा हात असतो, आणि चरणाऱ्या जनावरांचे दात त्याच्यामुळे झिजतात. गवत मरून गेल्यावरही हे कण मातीत राहतात. इथे पूर्वी कोणती गवतं होती हे पुरातत्त्वज्ञ त्यांच्यावरून सांगू शकतात. आमच्या मुरमाड उतारावर दोन बोटं माती असते, तिच्यातही हा इतिहास जमा आहे. जेसीबीने तो वरचा थर खरवडला की तो गेला. पुन्हा कुरण लावू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

'पण इथे मुळात जंगलच होतं, माणसांनी तोडलं, म्हणून माळ झाला', हे उत्तर मी अनेक सभांत ऐकलं आहे. ते आता टिकत नाही. उष्ण कटिबंधातली ही गवतं सी-फोर या, कडक उन्हाला सोयीच्या पद्धतीने अन्न बनवतात, लख्ख उघड्या उन्हात वाढतात, सावलीत मरतात, आणि पृथ्वीवर त्यांचा मोठा विस्तार झाला तो काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांपूर्वी. जवळचा पुरावा हवा असेल तर तोही आहे, आणि मराठीतच आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये जुनं मराठी साहित्य, ओव्या आणि लोकपरंपरा चाळून त्यांत येणाऱ्या रानवनस्पतींची नोंद केली. त्यांत बहुतांश झाडं-गवतं उघड्या माळाची निघाली. किमान साडेसातशे वर्षांपासून पश्चिम महाराष्ट्राचा हा कोरडा पट्टा माळरानच आहे. धनगरांचा खंडोबा घनदाट रानात न बसता जेजुरीच्या उघड्या टेकाडावर बसला आहे, तो उगाच नव्हे.

या निमित्ताने वने शाखेशीही दोन शब्द. २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीत आणि त्याआधीच्या मोहिमांत माळावर सलग समतल चर खणून जी रोपं लावली, त्यांतली किती जगली हा हिशेब मागत नाही. जगली नाहीत तर पैसा गेला. जगली तर माळ गेला. लागवडीतल्या गिरिपुष्पाच्या झाडांची गर्दी झाली की खाली कुसळी येत नाही. गवतं आपला कार्बन खोडांत न साठवता मुळांत आणि मातीत साठवतात, तिथे तो वणव्यातही बऱ्यापैकी सुरक्षित राहतो. हवामानाच्या नावाने तिथे खड्डे काढणं म्हणजे ठेव मोडून भिशी लावणं.

माळावर कोण राहतं हे आपल्याला माहीत आहे, तरी लिहितो, कारण नस्तीत ते कुठेच येत नाही. चंडोल, धाविक, पखुर्डी, टिटवी हे सगळे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. सपाटीकरणाला एक दिवस पुरतो. भारतीय लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. देशात तो सुमारे तीन हजार उरला असावा, वाघापेक्षा कमी. आणि महाराष्ट्रात तो बहुतेक अभयारण्यांच्या बाहेर, गायरानात आणि पडीत राहतो. थंडीत ओढ्याच्या काठी, मुरमाच्या दरडीत पिल्लं घालतो. चारही बाजूंनी जाळीचं कुंपण पडलं की त्याची वाट ऊसात आणि वस्तीत वळते. मग कुत्र्यांचे रोग, मेंढ्यांवरचे हल्ले, विषप्रयोग, हे चक्र आपल्याच खात्याला निस्तरावं लागतं.

सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण तर समोरच आहे. १९७९ मध्ये माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर केलं. त्यात गावंच्या गावं, शहरंसुद्धा अडकली, लोक पिचले, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं. माळढोक मात्र त्या सगळ्यात जवळजवळ संपला. आज तिथे एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. अति मोठी रेघ ओढून काही साधत नाही, हे त्यातून मी शिकलो. म्हणून मी अभयारण्य मागत नाही. आणि राजस्थानात उरलेल्या माळढोकांचं काय चाललं आहे हे सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं ऐकलं गेलं आहे: डोळे बाजूला असलेल्या या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही. सौर प्रकल्प म्हणजे फक्त पॅनेल नव्हेत, त्यांच्याबरोबर तारा येतात.

धनगरांबद्दल मी बोलणं योग्य नाही, ते स्वतः बोलतील. एवढंच सांगतो की दिवाळीनंतर कोकणाकडे निघणारी आणि पावसाळ्यात परतणारी मेंढरं ज्या गायरानांवर टेकतात, त्यांचा ताबा देताना ग्रामसभेत त्या दिवशी धनगर वाड्यावर नसतो, वाटेवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी राखा म्हणून राज्यांना बजावलं होतं. तो निकाल अतिक्रमण काढायला आठवतो. सरकार स्वतः देताना का आठवत नाही?

आता उपाय काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. इथे पुन्हा माझा विषय कामाला येतो. प्रखर उन्हात चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ऊर्जा पडते. १५ टक्के कार्यक्षमतेच्या पॅनेलांनी एक मेगावॉट काढायला ६,७०० चौरस मीटर पॅनेल लागतं, २२ टक्क्यांना ४,५०० आणि ३० टक्क्यांना ३,३००. एका थराच्या घटाला सुमारे ३३ टक्क्यांची सैद्धांतिक मर्यादा आहे, ती १९६१ मध्येच शॉकली आणि क्वाइसर यांनी मांडली. तिच्यापलीकडे जायला सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकी पदार्थाचा दुसरा थर चढवतात. २००९ मध्ये पेरोव्हस्काइटचे पहिले घट जेमतेम ३.८ टक्क्यांचे होते. २०२४ पर्यंत असे दुहेरी घट प्रयोगशाळेत ३४ टक्क्यांपुढे गेले. ओल आणि उष्णता त्यांना अजून मारते, म्हणून उद्या ते बारामतीत लागतील असं मी म्हणणार नाही. पण २५ वर्षांच्या करारावर जमीन देताना एवढं तरी बघा की जागेची गरज घटत चालली आहे. निविदेत मेगावॉटमागे एकरांची कमाल मर्यादा घाला. आज सरकारी जमीन जवळजवळ फुकट असल्यामुळे कमी जागेत जास्त वीज काढण्याचं कुणालाच काही पडलेलं नाही.

दुसरं, तापमान. सिलिकॉनचं पॅनेल २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन गमावतं. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांना गेलं की १२ ते १६ टक्के वीज तिथेच संपते. अमेरिकेच्या ॲरिझोनात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाली पीक असलेली पॅनेलं दिवसा सुमारे नऊ अंश थंड राहिली. तिथे पिकाला पाणी होतं. आमची कुसळी मेमध्ये वाळलेली असते, तेवढा फायदा इथे मिळणार नाही. पण खरवडलेला मुरूम धूळ उडवतो, ती काचेवर बसते आणि धुवायला टँकर लागतो, एवढं सांगायला अभ्यासाची गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात उंच चौकटींवर पॅनेल लावून खाली पिकं घेण्याचे प्रयोग झाले आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात, भाडं त्याला देऊन, ते का वाढवू नयेत? सव्वा लाखाचा दर तर आधीच ठरलेला आहे.

छपरांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. एमआयडीसीच्या शेड, साखर कारखान्यांची गोदामं, बाजार समित्यांचे ओटे, सबस्टेशनच्या आसपासच तर आहेत. गुजरातने २०१२ मध्ये नर्मदेच्या शाखा कालव्यावर ७५० मीटर लांबीत एक मेगावॉट उभा केला. लोखंड जास्त लागतं, खर्च वाढतो, हे खरं. नीरा डाव्या कालव्यावर तो खर्च किती येईल याचा अंदाज तरी काढून प्रसिद्ध करा. (उजनीच्या फुगवट्यावर तरंगती पॅनेलं टाकायची झाली तर भिगवणचे रोहित कुठे उतरतात ते आधी बघा, एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी नेऊ नका.)

आणि कुठे माळ द्यावाच लागला, तर सपाटीकरण नको, तणनाशक नको, कुंपणाची खालची तार हातभर वर असावी, आणि मेंढरांना आत चरायला मुभा असावी. गवत कापायचा खर्चही वाचेल.

माझी मुख्य मागणी मात्र या सगळ्याच्या आधीची आहे. महसुली नोंदींत 'माळरान' हा स्वतंत्र वर्ग करा, पडीपेक्षा वेगळा, आणि सौर प्रकल्प, वृक्षलागवड, सलग समतल चर यांपैकी काहीही करण्याआधी तो वर्ग तपासणं बंधनकारक करा. त्यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायला नको. शासन निर्णय पुरेल. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे, तेव्हा त्याला निमित्तही आहे.

पाहणी करायची तर पाऊस संपल्यावर, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, गवत फुलोऱ्यात असताना करावी. एप्रिलमध्ये आलेल्या पथकाला उघडा मुरूमच दिसेल आणि तो अहवाल आपण आजच लिहू शकतो. पथकात ग्राम महसूल अधिकारी आणि वनरक्षकाबरोबर एक गवत ओळखणारा माणूस आणि त्या गावच्या वाटेवरचा एक मेंढपाळ असावा. आमच्या भागातल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राची मुलं आहेत, त्यांना प्रकल्प हवे असतात. मी स्वतः पदरचं पेट्रोल घालून येईन. तोपर्यंत वर लिहिलेल्या चार जिल्ह्यांत, जिथे काम सुरू झालेलं नाही अशा गायरानांचे ताबा देण्याचे आदेश थांबवावेत, आणि आजवर दिलेल्या गायरानांची गट क्रमांकांसह यादी प्रत्येक गावच्या चावडीवर लावावी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक,
जि. पुणे